पोटात पाणी

उपकेंद्राच्या संडासातली टाकी
रात्रभर वाहते.
गावात नळ चौथ्या दिवशी.

हातपंपवाली वच्छला आली, पान्हा ओच्यात.
झाकण काढलं, तांब्याचा गोळा सोडवला,
कानाशी हलवला, टरबूज पारखावं तसा.
"याच्या पोटात पानी झालं, बाई.
बुडते बिच्चारा."

मी नर्स. हे असलं
मी जरा हळू सांगते.

सलाइनची रिकामी बाटली मागितली तिनं,
तोंड मेणानं बुजवलं,
सुतळीनं दांडीला आवळली.
पाणी चढलं, बाटली चढली.
मग गप्प.

बाटलीवर माझ्याच अक्षरातली पट्टी:
चिंधूजी मेश्राम, खाट दोन, साडेअकरा.
परवा पायी घरी गेला तो,
चप्पल विसरून.

पैसे नको म्हणाली वच्छला.
गोळा मात्र नेला.
"तांबं हाये. मोडीत जाईन."