दोन घमेली

शिवलीलानं अंगणात दोन घमेली मांडली.
एकात नुसती फक्की, बोअरच्या तोंडाशी साठलेली, मीच आणलेली.
दुसऱ्यात तळाला ओला गाळ
आणि त्यावर तीच फक्की भुरभुरलेली.
वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच.

गच्चीवरून ती गोट्या सोडते.
धूळ उडते चौफेर, वाटीएवढा खड्डा, बस्स.
दुसऱ्या घमेल्यातही तेच.
मग ती आईच्या तराजूतलं लोखंडी माप सोडते, पाव किलोचं,
आणि खड्ड्याभोवती चिखल सरकतो, थबकतो,
पाकळ्या होतात, जाड काठांच्या,
सारवताना हातापुढं शेण साचतं तसा काठ.

"मंगळावर असेच आहेत, अप्पा.
मोठ्या खड्ड्यांना पाकळ्या, लहानांना नाहीत.
त्यावरून कळतं, बर्फ किती खोल आहे.
लहान दगड तिथवर पोचलेच नाहीत."

मी वहीत फूट लिहिणारा माणूस.
उदगीर ते देवणी, बारा वर्षं, बोअरच्या गाडीमागं.
वीस फूट मुरूम.
एकशे दहा, काळा पाषाण.
दोनशे चाळीस, तांबडी माती, हातभर.
चारशे, फक्की. पाचशे, फक्की.
सेल्वमला मराठीचे दोनच शब्द येतात,
पाणी आणि नाही.
मूठभर भुकटी तो दाबून बघतो.
लाडू वळला नाही
की दुसरा शब्द.

आणि तिथं रॉड नाही, डिझेल नाही,
कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेल्या जमिनीत
आभाळानंच पाडलेलं भोक.
एका ताज्या खड्ड्यात म्हणे
पांढरा बर्फ उघडा पडला होता,
काही महिन्यांत पुसट झाला.
वितळला नाही.
ओघळला नाही.
पाणी न होताच हवेत गेला.
हे कळायला मला वेळ लागला.
पाण्याचे सगळे नकार पाहिलेत असं वाटायचं,
हा नव्हता पाहिला.

आज जळकोटच्या माळावर सहाशे फूट.
सेल्वमनं मूठ उघडली, वाऱ्यानं भुकटी नेली.
पोरंढोरं पडू नयेत म्हणून
तोंडावर धोंडा सरकवायचा, ते काम माझं.
सरकवण्याआधी एक खडा आत सोडला.
कान लावून बसलो.
गाडी सुरू झाली, हॉर्न वाजला, दोनदा.

वहीत लिहिलं: कोरडा.
मग कंसात, बारीक अक्षरात,
मालकाला दिसणार नाही असं:
दगड लहान होता.