मनगटापाशी

हात आधी गरम करावा लागतो.
गार हातातून वीज रेंगाळत जाते,
यंत्र उगाच घाबरवतं.
सोजरबाईंचा पंजा गरम पाण्याच्या पिशवीखाली ठेवला
तर त्या हसल्या :
"तव्याजवळचा हात गा, गार कामून आसंल?"

लातूर, औसा रोड, दुसरा मजला.
खाली क्लास सुटलेला, सायकलींचा कालवा.
व्यवसाय : मेस.
रोजच्या भाकरी? "दोन पायल्या पिठाच्या. मोजत न्हाई."
रात्री मुंग्या. झटकलं की जातात.
परवा बोट भाजलं,
ते वास आल्यावर कळलं.

"शॉक बसेल जरा."
"बसू दे. आमच्या कूलरवानी तर न्हाई ना?"

करंगळी उडाली,
हाक मारल्याबरोबर उठणाऱ्या पोरासारखी.
अंगठ्याचा निरोप मात्र मनगटाच्या बोळात अडला,
सहा पॉइंट आठ मिलीसेकंदांनी पोचला.
चारच्या आसपास हवा होता.

"एवढ्याशानं काय होतंय?"
खरंच. एवढ्यात डोळासुद्धा लवत नाही.
अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला :
थापून थापून
तिथं खळगा पडत चाललाय.

मी बोललो नाही
की या शहरात डॉक्टर व्हायला आलो होतो,
दोन वर्षं, दोन परीक्षा,
आणि डबा यांच्याच मेसचा.
रिपोर्टवर सही आता दुसऱ्याची असते.

वायरी सोडवल्या, जेल पुसलं.
पदराला हात पुसत त्या दारात थांबल्या.
"दीड भाकरीवर उठायचास तू.
आजूक तसाच हाईस की गा."