तीन घोट

इनास, तुझे तीन घोट माझ्याकडे राहिले होते.

चौसष्टचा ऑगस्ट. कोचीबाहेर समुद्र उभाच्या उभा.
बाराच्या ठोक्याला मी पिंपाशी,
हातात तांब्याचं माप,
एकाला दोन पाणी,
शेजारी डोळ्यांत तेल घातलेला साहेब.
पिंपावर पूर्वी पितळी अक्षरं होती म्हणे,
विलायतेच्या राजाला आयुष्य चिंतणारी.
सत्तेचाळीसात कुणी पटाशीनं उचकटली.
खिळ्यांची भोकं राहिली.
बोट फिरवलं की तेवढा राजा हाताला लागायचा.

आपल्यात पैसा चालत नसे.
कपडे धुऊन दिले तर ओठ ओले करण्यापुरती,
पहारा बदलून घेतला तर घोट,
आणि वाढदिवसाच्या पोराला अख्ख्या मेसचा एकेक;
मग ते संध्याकाळपर्यंत
बोटीपेक्षा जास्त डुलायचं.

बाप गेल्याची तार आली तेव्हा
तीन रात्री तू उभा राहिलास माझ्या जागी.
विचारलंसुद्धा नाहीस.
"मागीर दी," म्हणालास, "घाई ना."
मग तुझी बदली विशाखापट्टणमला,
माझी भांडारात,
आणि घाई कुणालाच नव्हती.

परवा वास्कोच्या कँटीनमध्ये
रांगेत माझ्यापुढे पेरपेत.
तुझ्या नावाचं कार्ड, रबरबँड लावलेलं.
पीत नाही ती. थोडी नाताळच्या केकला,
बाकीची गुडघ्यांना चोळते.
"त्याच्या नावानं एवढंच मिळतं अजून,
सोडू कशाला?"

मी माझी बाटली पुढे केली,
हिशेब सांगितला.
ती हसली नाही.
"रम घरात पुष्कळ आसा, सावळाराम.
रात सरना."

तिची बहीण चिखलीच्या इस्पितळात.
तीन रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर,
पाठ ताठ, बूट घातलेले,
दर तासाला सलाईनचा थेंब बघून येत.
मुरगावकडून बार्जचा भोंगा यायचा
आणि माझा हात आपोआप
कमरेच्या किल्ल्यांकडे जायचा.

तिसऱ्या पहाटे तिनं थर्मास उघडला.
चहाला वास होता, आपल्या बाराच्या घंटेचा.
किती घातली विचारलं,
तर म्हणाली, मोजली नाही.

आयुष्यभर मापानं ओतत आलो, इनास.
ते संपेपर्यंत प्यालो.
म्हणजे आता पुन्हा
मीच देणेकरी.