आवाज बंद

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यातून
रात्रपाळी करून आलो, बूटसुद्धा न काढता
स्वयंपाकघरात गिटार घेतली
आणि एक गाणं म्हटलं. माझं नव्हे.
चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं, कुणीतरी विकलेलं,
विकत घेणाऱ्यानं पुन्हा विकलेलं.

मामी नेहमी म्हणे, होग्नी, तू काय गातोस
ते देवालाही ओळखू येत नाही.
यंत्रानं अकरा सेकंदांत ओळखलं.
खोटं कशाला बोलू, क्षणभर छाती फुगली.

मग पत्र : हक्क आमचे,
सबब आवाज काढून टाकला आहे.
खाली कुणाची सही नव्हती.
ज्यानं गाणं लिहिलं त्याला
यातलं काही कळलं असेल का, कुणास ठाऊक.
पण उसनं ते उसनंच; विचारलं मीही नव्हतं.

आता व्हिडिओत मी नुसतंच तोंड हलवतो,
मागे खिडकीत खाडीवरचं धुकं,
किटली उकळते, तीही मुकी.

बहीण सुन्वा, जन्मापासून बहिरी,
रविवारी फोन हातात धरून
तीनदा बघत बसली.
मग बोटांनी म्हणाली,
दुसऱ्या कडव्यात
शब्द चुकलास.