विरजण

तार्तू शहरात, पाचव्या मजल्यावर, उर्मासकडे
साठ लिटर पाणी आहे. मासा एकही नाही.

नात लीलो शाळेतून येते, बूट न काढताच
काचेला नाक लावते: "आज?"
"आज नाही."

रोज चार थेंब अमोनिया. परीक्षानळीत
पिवळ्याचं हिरवं होतं, हिरवंच राहतं.
बाहेर बर्फ. आत हीटरचा लाल ठिपका
आणि फिल्टरची गुरगुर, कुणासाठीच नसलेली.

अकराव्या दिवशी शेजारीण हेल्वे
आपल्या टाकीतला जुना स्पंज घेऊन आली,
दुधाच्या पिशवीत.
बशीभर काळं पाणी पिळलं,
विरजण लावावं तसं.
"आता हलवाहलव नको."

मग नायट्राइट चढलं. जांभळं,
वांग्याच्या सालीसारखं जांभळं, तीन आठवडे.
उर्मास आकडे लिहितो त्याच वहीत
जिच्यात बायकोचा ताप लिहायचा;
फक्त मागच्या पानापासून.

सदतिसाव्या दिवशी
जांभळं उतरलं, फिकट निळं उरलं.
उर्मासने नळी दोनदा खिडकीशी धरली.
लीलोने मात्र "आज?" विचारलंच नाही.
काचेवर मोहरीएवढी गोगलगाय चढत होती,
स्पंजातूनच आली असणार.

"आजोबा, ही कधीपासून राहतेय इथे?"