तिसरं कडवं

ऑर्थेलिया मूटन इस्त्री करायची
ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात, शर्टामागे तीन सेंट,
आणि लॉन्ड्रीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर
गाणी लिहायची. तुझ्या गाण्यांना खळीचा वास येतो,
मी म्हणायचो.
ती म्हणायची, तुला भूक लागलीय, अल्सीद.

मी तिची गाडी चालवायचो. सॅक्सोफोनही वाजवायचो,
पण गाडी बरी.

एकोणपन्नास साली कंपनीच्या माणसानं
घड्याळ टेबलावर ठेवलं. पावणेतीन मिनिटं.
लाखेच्या तबकडीवर याहून जास्त मावत नाही.
दोन कडवी मावली.
तिसरं तिनं घडी घालून बुटात ठेवलं,
सही केली, चाळीस डॉलर मोजून घेतले.
तबकडी आली तेव्हा तिच्या नावाखाली
बारीक अक्षरात, गीतकार म्हणून,
मालकाचा मेव्हणा.
लाखेवर गायली ती.
लाख कुणाचे झाले, ते विचारू नका.

मग दोन वर्षं नुसता रस्ता.
बोमाँट, लेक चार्ल्स, मोबील.
ज्यूकबॉक्समधून तिचा आवाज पुढच्या दारानं
आमच्या आधीच आत,
आणि आम्ही मागच्या.
हॉटेलं आम्हाला नव्हती. ती ड्रमला टेकून झोपायची;
खड्डा आला की दोघं एकदम कण्हायचे.
मेरिडियनच्या अलीकडे टायर बसला,
तेव्हा गुडघ्यावर बसून नट आवळता आवळता
ती तिसरं कडवं गायली. सगळं.
मग म्हणाली, विसरून जा.

पुढे एका गोऱ्या पोरानं तेच गाणं
धुऊन, पिळून, वाळत घातलं.
देशभर वाजलं.
ती तोवर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती,
बावीस वर्षं मक्याची भाकरी थापली,
टोपीखाली केस पांढरे होईतो.

शेवटी एक वकील भेटला. तरुण होता, कळवळा होता.
गाणं तुमचंच कशावरून, त्यानं विचारलं.
रविवारची हॅट घालून ती उभी राहिली
आणि त्या पंख्याच्या घरघरीत
तिसरं कडवं गायली.
त्याचं पेन थांबलं. मग तो म्हणाला,
हे पूर्वी कुणी ऐकलंय का?
तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी चाल गुणगुणलो. चाल पक्की होती.
शब्द सांगा, तो म्हणाला,
तेव्हा मी फरशीकडे बघत राहिलो.
सांगितलं होतं ना तिनं, विसर म्हणून.
आयुष्यात तिचं तेवढंच ऐकलं मी.

परतताना बराच वेळ ती काही बोलली नाही.
दोन सिग्नल गेले.
मग हॅट काढून मांडीवर ठेवली, म्हणाली,
गाडी मात्र तू अजून
छान चालवतोस.