जन्मसाल

रुवीतल्या दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
सुमैयाचा फोन माझ्या हातात.
कायदा येतोय म्हणे,
सोळाच्या आत कुणाला खातं नाही.
ही तेराची.
पडद्यावर मात्र एकवीस पूर्ण.

"साल कुणी बदललं?"
"चाक फिरवायचं, अब्बा. खाली खाली नेलं
की कुणी अडवत नाही."

दापोलीच्या एजंटानं
असंच फिरवलं होतं माझं साल.
सतराचा होतो, व्हिसा एकविसाला.
मिसरूड दाट दिसावं म्हणून
आठवडाभर कोरडा वस्तरा चालवला गालांवर.
काचेमागच्या माणसानं फोटो पाहिला,
मला पाहिलं, जरा थांबला,
आणि शिक्का मारला.

त्या पैशांत घरावर कौलं चढली, बहिणीचं लग्न झालं.
तो थांबला होता तेवढंच
अजून आठवतं.

"अब्बा, तुमचा खरा वाढदिवस कधी असतो?"

उत्तर देत नाही.
फोन बंद करून
कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत टाकतो.

ती दार आपटते.
भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.
आपटू दे.
एकविसाची नाही,
अगदी तेराची आपटते.